नातीच्या उमेदवारीचा खुलासा

डंडी, स्कॉटलंड

तीर्थरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. ‘पोरीला परदेशी शिकवून शेवटी खेळायलाच बसविणार होतास, तर हुपरीत जागा काय कमी होती?’ हा आपला सवाल मी घरात मोठ्याने वाचून दाखविला. सूनबाई हसल्या, नात हसली नाही. सबब तिच्या उमेदवारीसंबंधी (येथे तिला इंटर्नशिप म्हणतात) सविस्तर खुलासा करणे प्राप्त आहे.

हे डंडी एके काळी तागाचे शहर. बंगालचा ताग जहाजाने येथे यावा, गिरण्यांतून त्याचे गोणपाट निघावे आणि येथलेच साहेब पुढे कलकत्त्याच्या गिरण्या चालवावयास जावेत, असा क्रम पुष्कळ वर्षे चालला. गिरण्या ओसरल्यावर टायमेक्स या घड्याळवाल्यांच्या कारखान्यात १९८२ पासून ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचे स्वस्त संगणक जुळविले जाऊ लागले, आणि ते येथल्या घरोघरी पोहोचले. कोणत्या दाराने पोहोचले, याची चौकशी गावात कोणी फारशी करीत नाही. त्यांवर बोटे फिरविणाऱ्या पिढीतूनच डीएमए डिझाइन ही मंडळी निघाली व त्यांनी १९९१ साली ‘लेमिंग्ज’ आणि १९९७ साली ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ हे खेळ रचले. (दुसऱ्याचा विषय मोटारी चोरणे हा आहे, आईस कळवू नये.) त्याच १९९७ साली येथील अबर्टे विद्यापीठाने संगणकीय खेळांची पदवी सुरू केली, आणि आपली नात त्याच विद्येच्या मागे लागली आहे.

आता उमेदवारी. पुढल्या उन्हाळ्यासाठी आदल्या शरद ऋतूतच अर्ज धाडावे लागतात, आणि मोठ्या स्टुडिओंत त्यांचा असा ढीग पडतो की नकाराचे दोन शब्द येणे हीही मेहेरबानी ठरावी. त्यातच २०२३ पासून या धंद्यात जगभर नोकरकपातीची लाट आल्याने, दहा-दहा वर्षे काम केलेले लोकही पोरांच्या रांगेत उभे असतात. लहान स्टुडिओ तर बहुधा जाहिरातच देत नाहीत. त्यांच्या ओळखी होतात त्या ‘ग्लोबल गेम जॅम’सारख्या मेळ्यांत. हा मेळा २००९ पासून दर जानेवारीत जगभर भरतो, आणि अनोळखी मंडळींनी एकत्र बसून ४८ तासांत एक खेळ उभा करावा, असा त्याचा मूळ शिरस्ता.

गुणपत्रिका मात्र कोणी फारशी पाहत नाही. विचारतात ते एवढेच, की तू स्वतः काय केले आहेस आणि ते पुरे केले आहेस काय? आपल्या चांदीच्या कारखान्यात नवे पोर आले म्हणजे आपण त्याचा शाळेचा दाखला न मागता त्याच्या हाती फुंकणी देऊन झाळ कशी बसते ते पाहता, तशातलाच हा प्रकार. नातीने आधी पन्हाळ्याचा वेढा अख्खा उभा करण्याचा संकल्प सोडला होता: सिद्दी जौहर, आषाढाचा पाऊस, घोडखिंड, सर्व काही. हिवाळा सरला तरी ‘तीन दरवाजा’च्या कमानीवरच काम अडलेले. अखेर तिच्या मास्तरांनी बजावले, की गड राहू दे, एक खोली पुरी कर. मग तिने पाच मिनिटांचा खेळ केला, तो असा, की व्यापारी दारी येण्यापूर्वी पैंजणाला घुंगरे जोडावयाची. मुलाखतीत विचारले, ‘घुंगरू कोठे जोडावयाचे हे खेळणाऱ्यास कोण सांगतो?’ ती म्हणाली, ‘कोणी नाही, मोकळी कडी किंचित हलते, नजर आपोआप तिकडे जाते.’ त्या एका कडीवर अर्धा तास चर्चा झाली आणि नेमणूक पदरात पडली.

आपल्या दुसऱ्या सवालाचा, म्हणजे मजुरीचा, जबाब असा: येथील कायद्याने उमेदवारास सहसा किमान वेतन द्यावे लागते, मात्र अभ्यासक्रमाचाच सक्तीचा भाग असलेली, वर्षाच्या आतली उमेदवारी त्यातून वगळली आहे, आणि फुकट राबविणारे नेमके त्याच फटीतून शिरतात. नातीला मजुरी मिळते. सध्या तिचे काम तपासनिसाचे आहे: खेळातल्या शिपायास प्रत्येक भिंतीवर आपटून, तो कोठे आरपार जातो, त्याची नोंद दप्तरी करावयाची. भावकीत विचारणा झाल्यास ‘पोर खेळते’ असे न सांगता ‘तपासनीस आहे’ असे सांगावे. ते खरेही आहे आणि लग्नाच्या बाजारात बरेही दिसते.

‘हेच करावयाचे तर पुणे काय वाईट?’ असे आपण विचारणारच. वाईट मुळीच नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा प्राचीन भारतातल्या मुलीचा खेळ काढला, आणि युबिसॉफ्टसारख्या फ्रेंच कंपनीचाही स्टुडिओ तेथे आहे. पदवीनंतर तिकडेही अर्ज करावयाचे तिच्या मनात आहे.

तूर्त तिची एक मागणी. आपल्या कारखान्यातले आवाज, म्हणजे फुंकणी, हातोडी आणि विशेषतः पोत्यात ओतताना होणारा घुंगरांचा, मोबाइलवर टिपून धाकट्याकरवी पाठविण्याची तजवीज करावी. टिपतेवेळी चांदीच्या भावावरील चर्चा बंद ठेवावी. मागील खेपेस घुंगरे कमी आणि आपण सराफास दिलेल्या शिव्याच अधिक आल्या, आणि स्टुडिओतील मंडळी त्यांचा अर्थ विचारीत आहेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
मधला