पालक पूर्णवेळ पाहिजे

(रंगमंचावर एक टेबल. त्यावर संगणक, प्रिंटर, स्टेपलर, डिंकाची बाटली. समोर एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची. मागे फलक: 'येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.' पन्नाशीचा एक गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवलेला, फोनवर बोलतच येतो.)

हॅलो... हो, चालू आहे. या की. ... नाही नाही, सर्व्हर बंद आहे. दुकान चालू आहे. ... काय करायचं म्हणजे? बसायचं. सगळेच बसलेत.

(फोन ठेवतो. प्रेक्षकांकडे.)

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. वर्षातले दहा महिने मी सातबारा आणि आधार काढतो. जून-जुलैत मी इंजिनिअर काढतो.

कॉलेजची जाहिरात तुम्ही वाचली असेल. 'चार वर्षांचा पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रम. पात्रता: बारावी विज्ञान उत्तीर्ण व सीईटी.' एक ओळ. त्यात खोटं काही नाही. फक्त बापाचा उल्लेख राहून गेलाय. अभ्यासक्रम पोराला ऑगस्टमध्ये पूर्णवेळ होतो. बापाला मे महिन्यातच झालेला असतो.

परवा एक तात्या आले. पिशवीत पेढे. (खुर्चीत बसून, तात्यांच्या आवाजात) "भाऊ, पोराला त्र्याण्णव पडलं!"

(उठून) मी निकाल बघितला. ९३.४१८२६०७. दशांश चिन्हाच्या पुढं सात आकडे! साखर कारखान्याचा काटासुद्धा इतकं बारीक मोजत नाही. म्हटलं, "तात्या, हे मार्क नव्हेत, पर्सेंटाईल."

"म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या पोराएवढे किंवा त्याहून कमी मार्क पडलेली पोरं शेकडा त्र्याण्णव."

"बरं. आन् मार्क किती?"

"ते यात कळत नाही."

"मग कळतं काय?"

"मागं किती आहेत ते."

(तात्या विचार करतात.) "आन् म्होरं?"

"चार लाख पोरं बसली असं धरलं, तर पुढं सव्वीस हजार."

तात्यांनी पेढ्याचा बॉक्स हळूच पिशवीत घातला. म्हणाले, "आमचं गावच साडेतीन हजाराचं हाय."

पण तात्यांचं पोरगं सुखात होतं. त्याची बारावी नीट होती. त्याच्यानंतर आला त्याची सांगतो. सीईटीला सत्त्याण्णव! असलं पोरगं आलं की मी खुर्ची पुसून देतो. हे पोरगं 'इंटिग्रेटेड'ला होतं. इंटिग्रेटेड म्हणजे काय, की नाव आपल्या गावच्या कॉलेजात, हजेरी आपल्या गावच्या कॉलेजात, आणि पोरगं लातुरात. दोन वर्षं त्यानं सीईटीच घोटली. गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क. फिजिक्सचे पन्नास, केमिस्ट्रीचे पन्नास, त्यांना एकेक मार्क. चुकलं तर मार्क कापत नाहीत. सगळं तोंडपाठ. फक्त बारावी नावाची एक परीक्षा असते, हे घरात कुणी मनावर घेतलं नाही. "बारावीचे मार्क धरत नाहीत हो आता!" असं त्याच्या मामानं सांगितलेलं. प्रत्येक अ‍ॅडमिशनमागं एक मामा असतो.

मामाचं अर्धं खरं होतं. मेरिट सीईटीवर लागतं. पण पात्रतेला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित मिळून खुल्या गटाला पंचेचाळीस टक्के लागतात, राखीव गटांना चाळीस. तीनशेपैकी एकशे पस्तीस. पोराला होते एकशे एकतीस. गट खुला.

(हात जोडून, बापाच्या आवाजात) "भाऊ, चार मार्कांचं काहीतरी बघा की."

काय बघू? मी झेरॉक्सवाला. एकशे एकतीसची झेरॉक्स एकशे एकतीसच येते. पोरगं श्रेणीसुधारला बसलं. मामा नॉट रिचेबल.

(फोन वाजल्याचा अभिनय.)

आता ओटीपी. फॉर्मवर मोबाईल नंबर बापाचा. बाप शेतात. पोरगं माझ्यासमोर. ओटीपीला मिनिटं मोजलेली. मी फोन लावला. "अण्णा, मोबाईलवर सहा आकडे आलेत, तेवढे सांगा."

(अण्णांच्या आवाजात, सावधपणे) "कोण बोलतंय?"

"सेवा केंद्रातनं. तुमचा मुलगा शेजारीच बसलाय."

"मुलाचं नाव सांगा."

सांगितलं.

"त्याच्या आजोळचं गाव सांगा."

तेही सांगितलं. "अण्णा, वेळ संपतोय!"

"संपू द्या. बँकवाल्यांनी सांगितलंय, ओटीपी बापाला बी द्यायचा न्हाई. भावकीत एकाचे चाळीस हजार गेलेत."

पोरानं फोन हिसकावला. "पप्पा, मी बोलतोय!"

"हां, आता आवाजबी काढत्यात. एआय आलंय म्हनं."

"पप्पा, त्याच एआयला अ‍ॅडमिशन घेतोय मी!"

शेवटी आईला बांधावर पाठवली. तिनं फोन हातात घेतला, आकडे वाचले. घरात खरी पडताळणी समिती तीच असते.

(पाणी पितो.)

पडताळणीवरनं आठवलं. राखीव गटातून अर्ज करायचा तर जातीचा दाखला लागतो. दाखला काढला, तर त्या दाखल्याची पडताळणी लागते. तिला व्हॅलिडिटी म्हणतात. आणि तिला पुरावा लागतो जुना. किती जुना? अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. पोराचा जन्म २००७ चा! म्हणजे पणतूला कॉम्प्युटर शिकायचा, तर आधी पणजोबा शाळेत जाऊन आलेले पाहिजेत.

एका घरातले सगळे आले होते. सोबत आजीही. मी विचारलं, "आजी, तुमचे सासरे शाळेत गेले होते का?"

(आजीच्या आवाजात) "गेलं हुतं की. एक दिस. मास्तरानं छडी मारली, दुसऱ्या दिशी म्हसरं राखाय गेलं ते गेलं."

मी उडीच मारली. "आजी! एक दिवस बास झाला!"

गेलो शाळेत. रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण नोंद शाबूत. नाव, गाव, जात, दाखल तारीख. 'सोडल्याचं कारण' या रकान्यात लिहिलंय: 'सतत गैरहजर'. उभ्या हयातीत ज्याला गावानं शाळाबुडव्या म्हणून हिणवलं, त्याच्या एका दिवसाच्या हजेरीवर पणतू इंजिनिअर होतोय. फोटो लावलाय त्यांनी आता म्हाताऱ्याचा. हार घातलाय.

ज्यांचा म्हातारा एक दिवसही गेला नाही, त्यांनी काय करायचं? गाव नमुना चौदा बघायचा. जन्म-मृत्यूची नोंद असते त्यात. त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. तिथं मोडी लिपी भेटते. मोडी वाचणारा माणूस शोधायचा. तो सापडला की तो म्हणतो, "वाचतो, पण पुढच्या महिन्यात." कारण आख्खा जिल्हा त्याच्याच दारात.

(आवाज खाली येतो.)

हसताय, हसा. पण एक सांगतो. मागं एक मुलगी होती, पर्सेंटाईल शहाण्णवच्या वर, राखीव जागेवर चांगलं कॉलेज लागलेलं. व्हॅलिडिटीचा अर्ज केल्याची पावती जोडलेली. पावतीवर प्रवेश मिळतो, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत द्यावं लागतं. बापाला वाटलं, पावती म्हणजेच प्रमाणपत्र. शिक्का होता की तिच्यावर! तारीख गेली. पोरगी खुल्या गटात गेली, जागा गेली. तिच्याच वर्गातली एक, तिच्याहून कमी पर्सेंटाईलची, त्याच कॉलेजात आहे. तिचे वडील मास्तर. त्यांनी माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. मार्क मुलींनी मिळवले हो दोघींनी. पात्र ठरले ते एकीचे वडील.

(एकदम मूडमध्ये.)

चला, उत्पन्न! उत्पन्नाच्या दाखल्याला आलेला माणूस जगातला सगळ्यात गरीब माणूस असतो. बुलेटवरनं येतो. मी विचारतो, "वार्षिक उत्पन्न?" (डोळे मिटून, क्षीण आवाजात) "लिहा बहात्तर हजार." म्हटलं, थोरल्याच्या लग्नाच्या बायोडाटात तुम्ही बारा लाख लिहिलेत, तो बायोडाटा मीच टाईप केलाय. तर म्हणतो, "त्ये कोंबड्यांसकट हुतं."

त्यात आठ लाखांचा घोळ. नॉन-क्रिमीलेयरला मर्यादा आठ लाख, आर्थिक दुर्बलांच्या ईडब्ल्यूएसलाही आठ लाख. पण नॉन-क्रिमीलेयरच्या आठ लाखांत आई-बापाचा पगार आणि शेती धरत नाहीत. ईडब्ल्यूएसच्या आठ लाखांत पगार धरतात, शेती धरतात, सगळं धरतात. म्हणजे शेती तीच, पण एका दाखल्याला ती आहे आणि दुसऱ्याला नाही. त्यात ईडब्ल्यूएसचा दाखला त्या आर्थिक वर्षापुरता. मार्चमध्ये हौसेनं काढून ठेवाल, तर एप्रिलमध्ये त्यात भेळ खायची.

एक गोष्ट मात्र या आठ लाखांनी चांगली केली. जुलै २०२४ मध्ये सरकारनं ठरवलं, की ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. प्रवेश मात्र सरकारी फेऱ्यांतून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नको. आणि मंडळी, काय सांगू! जे बाप पोरीला नववीपासून "बीए बास झालं" म्हणत होते, तेच आता दारातनंच आवाज देतात, (खड्या आवाजात) "भाऊ, पोरगी लई हुशार आहे! पहिल्यापासनंच!" पहिल्यापासनं होतीच की. तुम्हाला जीआर आल्यावर कळलं.

मग येतो पसंतीक्रम. कॉलेजांची यादी आपण लिहून द्यायची, वरून खाली. पर्सेंटाईल एकाहत्तर आणि पहिलं नाव सीओईपी, दुसरं व्हीजेटीआय, तिसरं वालचंद. मी म्हणतो, अहो, लागणार नाही. तर म्हणतात, "लिहायला पैसे पडतात का?" पडत नाहीत. लिहा. उलट ज्याला भीती वाटते तो चुकतो. घाबरून घराजवळचं कॉलेज पहिलं लिहितो आणि पहिल्या फेरीत तेच लागतं. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की विषय संपला. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्या विसरायच्या. मग बाप येतो, "भाऊ, जरा बदलता येईल का? ते आपलं असंच लिहिलं होतं."

शाखा तर सगळ्यांना एकच, कॉम्प्युटर. ती नाही मिळाली तर कॉम्प्युटरसारखी दिसणारी. एआय अँड डेटा सायन्स, एआय अँड मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी. एका काकींनी विचारलं, "यात सिव्हिल नाही का? आमच्या घरचा स्लॅब गळतोय."

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. आधारवर आडनाव शेवटी. जन्मदाखल्यावर 'बाळ'. बारशाच्या आधी नोंद झालेली, नंतर कोण फिरकलंच नाही. अठरा वर्षांचा दाढीवाला बाप्या समोर बसलाय आणि कागदावर 'बाळ'. आता तर १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचंही नाव घालायचं ठरलंय. आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. बरोबरच आहे. ओटीपी तिनंच दिला होता. ही पोरं बारावीला येतील २०४२ च्या आसपास. त्या फॉर्ममध्ये नावाचे रकाने किती असतील, ते माझ्या पोरानं बघायचं. मी तोवर दुकान त्याच्या नावावर करणार.

(टेबलावरची फाईल उचलून पुढे येतो.)

तेव्हा मंडळी, तुमच्यात ज्यांचं पोरगं आत्ता अकरावीत आहे, त्यांनी हात वर करा. ... बरं. राखीव गट असेल तर व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाका. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर जुळवा. नॉन-क्रिमीलेयर आणि ईडब्ल्यूएस एप्रिल उजाडला की काढा. फॉर्मवर मोबाईल नंबर अशा माणसाचा द्या, जो फोन उचलतो. माहितीपुस्तिका संकेतस्थळावर फुकट आहे, मराठीत जमेल तेवढी मी समजावतो, त्याचे पैसे घेत नाही. पण दिवाळीत या, संक्रांतीला या, अगदी शिमग्याला या. जूनमध्ये येऊ नका. जूनमध्ये मला वेळ नसतो.

(अंधार.)