रोपवाले भाऊ, रोपाचं नाव काय?

रोपवाले भाऊ,

दसऱ्याआधीच्या आठवडी बाजारात हिंगोलीत तुमची गाडी उभी होती. काळ्या ट्रेमध्ये टोमॅटोची हिरवीगार रोपं, त्यांच्यावर नुकताच मारलेला पाण्याचा शिडकावा आणि तुमच्या तोंडी एकच वाक्य: "गावरान हाय ताई, डोळे झाकून न्या." मी नेली. आमच्या गल्लीतल्या आणखी काही घरांनीही नेली. तुम्ही कष्ट करत नाही असं मी म्हणणार नाही. कष्ट करता, पण ते सगळे शिडकाव्यावर जातात, रोपावर नाही.

महिनाभरात त्या रोपांची शेंड्याकडची पानं वाटीसारखी वर वळली, बारीक झाली, कडेने पिवळी पडली. दोन पेरांमधलं अंतर कमी झालं, झाड खुरटलं आणि झुडपासारखं गोळा झालं. शेतकरी याला बोकड्या म्हणतात, कुणी चुरडा-मुरडा म्हणतात. हा रोग विषाणूचा आहे आणि तो विषाणू पांढरी माशी पसरवते. रोगट झाडाचा रस शोषला की ती पुढे बसेल त्या झाडाला रोग देते. एकदा तो झाडात शिरला की त्यावर औषध नाही. फवारणीने माशी मरेल, झाड बरं होणार नाही. आणि लागण जितकी कोवळ्या वयात, तितकं नुकसान जास्त. रोपवाटिकेतच लागण झालेल्या झाडाला टोमॅटो धरले तरी मोजके आणि बारके.

म्हणून तुमच्या ट्रेमधलं उरलेलं एक रोप मी पुढच्या बाजारी उलटून पाहिलं. पानाच्या मागे, शिरेलगत, पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके बसले होते. बोट लावलं तर उडाले. तुम्ही पाहत होतात. "पाण्याचं हाय ते," म्हणालात. पाणी उडत नाही, भाऊ.

तुमची रोपं उंच होती आणि उंचीचेच तुम्ही पैसे घेत होतात. टोमॅटोचं रोप लावायला योग्य असतं ते साधारण पंचवीस-तीस दिवसांचं, चार-पाच पानांचं, पेन्सिलीपेक्षा बारीक पण ताठ खोडाचं. तुमच्याकडचं रोप वीतभराच्या वर गेलं होतं, खोड दोऱ्यासारखं, खालची पानं गळालेली, एक-दोन रोपांना तर फूलही आलेलं. सावलीत, दाटीने वाढलेलं रोप उजेडाकडे धावतं आणि असं लांबतं. ट्रेच्या कप्प्यात मुळं गोल-गोल फिरून गच्च झाली की ते म्हातारं होतं आणि कुंडीत गेल्यावर रुजायला फार वेळ घेतं. "फूल आलंय, म्हणजे लवकर फळ लागेल," असं तुम्ही शेजारच्या आजींना सांगितलंत. कप्प्यातल्या रोपाला फूल येणं ही त्याची हलाखी असते. तुम्ही रोज रोपांतच असता, हे तुम्हाला माहीत नाही यावर माझा विश्वास नाही.

आता जातीचं. "गावरान" म्हणून दिलेली रोपं गावरान नव्हती. गावरान टोमॅटो बहुधा चपटा, खाचा पडलेला, पातळ सालीचा आणि आंबट असतो. शेजारी एका झाडाला कशीबशी फळं धरली, ती लांबट आणि जाड सालीची निघाली. संकरित जातीबद्दल माझी तक्रार नाही. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला अर्का रक्षक हा संकरितच आहे आणि पानं मुरडण्याच्या रोगासह तीन रोगांना तो तग धरतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धनश्री आणि भाग्यश्री आहेत, दिल्लीची जुनी पुसा रुबी आहे. ज्याला बी धरून ठेवायचं आहे त्याने सरळ वाण घ्यावं, ज्याला रोगाची भीती आहे त्याने सहनशील संकरित घ्यावं. निवड घेणाऱ्याने करायची असते. तुम्ही ती एका शब्दात संपवलीत.

टोमॅटोच्या बियाण्याच्या पाकिटावर जातीचं नाव असतं, तारीख असते, उगवण किमान किती ते छापलेलं असतं. 1966 च्या बियाणे कायद्यात "बियाणे" या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पिकांची रोपंही धरलेली आहेत. म्हणजे तुमच्या ट्रेवर नाव नसणं हा साधा विसर नाही. बाजारात येऊन तुमचा ट्रे कुणी तपासत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. त्या भरवशावर तुमचा धंदा चालला आहे.

आणि परिस्थितीकडे बोट दाखवू नका. राज्यात 2020-21 मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना सुरू झाली, तीत भाजीपाल्याच्या रोपांसाठी शेडनेटला अनुदान ठेवलं. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे बारीक छिद्रांची नायलॉनची जाळी. गादीवाफ्यावर किंवा ट्रेवर पहिले तीन-चार आठवडे ती घट्ट ताणली तर पांढरी माशी रोपापर्यंत पोचतच नाही. तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला विद्यापीठ आहे. विचारायला पैसे लागत नाहीत.

तुमच्याच बाजारात गोणपाटात ओली रोपं गुंडाळून आणणाऱ्या एक मावशी बसतात. त्यांच्याकडे थोडीच रोपं असतात. "ही पुसा रुबी, सव्वीस दिसांची. परवापासून पाणी तोडलंय, म्हणून जरा सुकलेली दिसतील," असं त्या आपणहून सांगतात. पाणी कमी करून, उन्हात ठेवून रोप कणखर करायचं असतं, हे त्यांना कळतं. त्यांची रोपं दिसायला तुमच्याइतकी टवटवीत नसतात, म्हणून गर्दी तुमच्याकडे होते. मला याचाच जास्त राग आहे.

कारण रोपाचे तुम्ही घेतलेले पैसे हा खर्चातला सगळ्यात लहान भाग होता. आमची काळी माती शेतात कसदार, पण कुंडीत ओली झाली की चिकट गोळा आणि वाळली की कडेने भेगाळते, पाणी त्या भेगेतून थेट खाली. म्हणून घरोघरी वाळू आणली, कुजलेलं शेणखत मिसळलं, मूठ-मूठ निंबोळी पेंड घातली. रंगाच्या बादल्यांना तापल्या सळईने भोकं पाडली. रोप खालच्या पानांपर्यंत मातीत खोल लावलं, कारण टोमॅटोच्या खोडालाही मुळं फुटतात. ऊन कलल्यावर लावलं, काठी रोवली, वर सोयाबीनचं भुसकट पसरलं. ज्या आजींना तुम्ही फूल दाखवलंत, त्या गुडघेदुखी असताना रोज जिना चढून गच्चीवर पाणी घालत होत्या. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरी पार गेला तेव्हा त्यांनी भाजीत चिंच घातली होती, आणि यंदा घरचे टोमॅटो खायचे असं ठरवलं होतं. थंडीचा हंगाम मराठवाड्यात टोमॅटोला सगळ्यात चांगला. तो तुम्ही त्यांच्या हातून घालवलात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की फुलं गळतात, तेव्हा पुन्हा लावून उपयोग नाही.

गच्चीवरच्या बादल्यांचं एवढं काय, असं तुम्हाला वाटत असेल. गच्चीवरची माशी शेजारच्या मिरचीवर जाते, शहराच्या कडेच्या मळ्यात जाते. 2020 च्या उन्हाळ्यात नगर, नाशिक, पुणे भागातल्या टोमॅटोवर मोझॅकसारखे विषाणू आले, फळं पिवळी-लाल ठिपक्यांची झाली आणि उभे प्लॉट वाया गेले. तिथे पसरवणारा कीटक बहुतांशी मावा होता. पण विषाणूला एकदा वाट मिळाली की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे.

तुमच्याकडून पैसे परत नकोत. ट्रेवर खडूने जात आणि पेरणीची तारीख लिहा. गिऱ्हाइकाने पान उलटून पाहिलं तर हात धरू नका. आणि आजच्या बाजारी जी आखडलेली रोपं उरतील ती पुढच्या आठवड्यात निम्म्या भावात विकू नका, गाडीमागच्या उकिरड्यावरही फेकू नका. उपटा, पिशवीत बांधा आणि जाळून टाका. आम्ही आमची सगळी जाळली आहेत.

— तुमची एक गिऱ्हाईक, हिंगोली