बांदा ते बांद्रा

बांदा आणि बांद्रा यांच्यात फक्त एका ‘र’चा फरक. पण तो ‘र’ ओलांडायला कोकणकन्या एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात रात्रभर एका पायावर उभं राहावं लागतं. मी राहिलो. कारण १ फेब्रुवारी २००८ ला, शुक्रवारी, बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आयर्न मेडन हा रॉक बँड येणार होता.

मेडनची आणि माझी गाठ पडली ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. आम्हा बांद्याच्या लोकांना पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. आई मयंडोळी केळ्यांचा भाव पाडत होती, तेवढ्यात मी एक कॅसेट उचलली. गाणी माहीत नव्हती, उचलली ती वरच्या चित्रासाठी: दात विचकणारं, हाडं निघालेलं एक भूत. त्याचं नाव एडी, हे मागाहून कळलं. घरी बाबांनी कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि निकाल दिला, “ह्यो आमचो दशावतारातलो संकासुर. फक्त जेवण गावूक नाय.”

मुंबईला निघायचं ठरल्यावर मामाला फोन केला. “मामा, मी बांद्र्याक येतंय.”

“बांद्याक? मेल्या, बांद्यातच तर आसस मरे!”

हा खुलासा होईपर्यंत एसटीडीच्या मीटरवर अठरा रुपये झाले. मामाचं ऑफिस बांद्रा पूर्वेला. ऑफिस सुटलं की तो मैदानाच्या गेटवर भेटणार आणि आईनं दिलेली पिशवी घेऊन जाणार, असं ठरलं. पिशवीत उकडे तांदूळ, आमसुलं आणि किलोभर गोलमो. गोलमो म्हणजे सुकी सुंगटं. वर्तमानपत्राच्या चार घड्या आणि दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या यांना न जुमानता आपण आहोत हे सांगणारा हा पदार्थ आहे. सावंतवाडी रोड स्टेशनवर (नावातला ‘रोड’ तेवढा खरा, बाकी स्टेशन मळगावात) मी डब्यात शिरलो तेव्हा मुंगीला जागा नव्हती. कणकवली येईपर्यंत माझ्या आजूबाजूला दीड हात मोकळा झाला होता.

मी असा येत होतो आणि मेडन कसे आले? खास भाड्यानं घेतलेल्या विमानानं. बोइंग ७५७, शेपटीवर एडी, पोटात १२ टन सामान आणि चालवायला खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन. वर्तमानपत्रांना याचं केवढं अप्रूप! मला नव्हतं. आमच्या दशावतारी नाटक कंपन्या पेटारे टेम्पोत टाकून अशाच गावोगाव जातात, आणि संध्याकाळी टेम्पोला धक्का मारणारा मध्यरात्री इंद्र होतो.

मामा काही आला नाही. गेटवर काळ्या टी-शर्टांची रांग, आणि त्या रांगेत पिशवीवाला मी एकटा. सिक्युरिटीवाल्यानं पाण्याची बाटली काढून घेतली, पिशवीत डोकं घातलं आणि तितक्याच वेगानं बाहेर काढलं.

“हे काय आहे?”

“गोलमो.”

“आत नाही न्यायचं.”

कशाखाली बंदी, ते त्यालाही सांगता येईना. शेवटी बाहेरच्या भुर्जीपाववाल्याकडे पिशवी ठेवली. त्यानं पिशवी उघडून वास घेतला आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे आदरानं पाहिलं.

दिवे गेले. आधी चर्चिलचं १९४० मधलं भाषण लागलं. या माणसाला आपल्याबद्दल काडीचं प्रेम नव्हतं, पण त्या रात्री हजारो देशी पोरांनी त्याला शिट्ट्या वाजवून दाद दिली. मग तीन गिटारी एकदम सुटल्या. पुढे ‘द ट्रूपर’ला डिकिन्सन लाल डगला घालून ब्रिटनचा झेंडा फडकावत इकडून तिकडे धावला. आम्ही उड्या मारत होतो. माझ्या आजोबांनी मला तिथं पाहिलं असतं तर पुन्हा एकदा चले जाव म्हणाले असते, यावेळी मला.

पण खरी गंमत ‘रायम ऑफ द एन्शंट मरिनर’ला. कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवरून रचलेलं १३ मिनिटांचं गाणं. म्हातारा खलाशी, त्यानं मारलेला पक्षी, मग शाप, वारा पडलेलं जहाज, चहूकडे समुद्र आणि प्यायला थेंब नाही. माझी बाटली गेटवर राहिली होती, त्यामुळे मला हे फार लवकर पटलं. शेजारचा मुलगा म्हणाला, “भयंकर प्रोग्रेसिव्ह आहे ना?” मी म्हटलं, आख्यान आहे. आमच्याकडे बाकड्यावर बसून राजा अर्धा तास शापाची हकीकत सांगतो, तीही पाठांतर नसताना, आणि साथीला एक पायपेटी, एक मृदंग आणि झांज. यांना त्यासाठी तीन गिटारी लागतात. नंतर एडी स्टेजवर आला. अवाढव्य, डुलत डुलत, वादकांच्या अंगावर जाणारा. आजूबाजूचे किंचाळले. मला लहानपणी देवळामागे लाल जीभ लोंबवत अंगावर आलेला संकासुर आठवला आणि आपोआप दोन पावलं मागं सरलो. मागे कुणाचा तरी पाय होता.

आणि मग सगळं आटोपलं. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद, हा नियम. एवढा विमानानं येणारा बाप्या, पण दहाला घरी! आमच्या जत्रेत या वेळी पालखीसुद्धा निघालेली नसते. गणपती रंगमंचावर येतो तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते आणि दहीकाला फुटतो तेव्हा झुंजूमुंजू. आयर्न मेडनच्या कार्यक्रमात मला आढळलेला दोष एवढाच: लवकर संपला.

बाहेर आलो तर भुर्जीच्या गाडीला काळ्या टी-शर्टांचा गराडा. तव्यावर कांदा, तिखट, आणि माझे गोलमो. “भाई, क्या चीज है!” म्हणत पोरं पावाबरोबर खात होती. गाडीवाल्यानं उरलेली पिशवी परत दिली, वर एक प्लेट फुकट. त्याच वेळी धापा टाकत मामा आला. पिशवी हातावर तोलून म्हणाला, “आवशीन एवढेच दिल्यान?”

त्या दौऱ्यावर पुढे ‘फ्लाइट ६६६’ हा चित्रपट निघाला, २००९ मध्ये. त्यातलं पहिलं गाणं मुंबईचं आहे. घरी सगळ्यांना बसवून, थांबवून थांबवून दाखवलं. गर्दीतल्या एका वर झालेल्या हाताकडे बोट दाखवून आई म्हणाली, “ह्यो तुझो हात, घड्याळ वळखलंय मी.”

त्या दिवशी मी घड्याळ घातलं नव्हतं.