गवार निवडता निवडता

विनोदी चित्रपटाची कथा किती तकलादू आहे, हे मोजायला आमच्या घरी एक माप होतं: गवार. टीव्हीवर चित्रपट लागला की आत्या समोर बसून भाजी निवडायची. शेंगांपुरती मान खाली, हशा पिकला की वर. अर्धा किलो गवार निवडून झाली आणि तिने एकदाही 'आता हा कोण गं?' असं विचारलं नाही, की समजायचं, कथा नावापुरती आहे.

'धूमधडाका' दर वेळी या परीक्षेत पहिला आला. मध्येच वीज जायची, अर्ध्या तासाने यायची, आणि कुणाचं काही अडायचं नाही. १९८५ सालचा हा चित्रपट, महेश कोठारेंचा दिग्दर्शक म्हणून पहिला. कथा त्याआधी वीसेक वर्षं देशभर हिंडून आलेली. श्रीधर यांनी १९६४ साली तमिळमध्ये 'कादलिक्क नेरमिल्लै' काढला, १९६६ साली त्यांनीच त्याचा हिंदीत 'प्यार किये जा' केला. मराठीत पोचेपर्यंत ती बाजारात फिरलेल्या नोटेसारखी मऊ पडली होती. पण चालली.

कथा म्हणजे काय, तर श्रीमंत बाप, त्याच्या मुली आणि एकीच्या प्रेमात पडलेला फाटका तरुण. बापाला जावई पैसेवाला हवा, म्हणून तरुणाचा मित्र त्याचा गडगंज वडील बनून येतो. संपलं. एका ट्रंककॉलने उघडं पडेल असं हे खोटं. त्यातून बाप बनलेले अशोक सराफ तरुण झालेल्या महेश कोठारेंपेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठे! तरी मुलींच्या बापाला, धनाजीराव वाकड्यांना, संशय येत नाही, कारण तो आला तर प्रेक्षकांना मध्यंतराआधीच घरी जावं लागेल. इथे धनाजीराव झालेले शरद तळवलकर कामाला येतात. श्रीमंत व्याही समोर दिसला की त्यांचा चेहरा असा काही पाघळतो, की या हावरट माणसाला आत्ता सोंग दिसणं शक्यच नाही, हे आपल्याला पटतं. लेखकाने ठेवलेलं भोक नटाने बुजवलं.

आणि मग तो पाइप. सराफ यदुनाथ जवळकर होऊन ऐटीत झुरका घेतात, धूर नको तिथे जातो आणि जो ठसका लागतो तो 'व्याख्या विख्खी वुख्खू' म्हणून चाळीस वर्षं लोकांच्या तोंडी बसलाय. संहितेत याला जागा किती लागेल? कंसात एक शब्द: खोकतो. बाकी सगळं नटाचं. जीव घुसमटलाय, डोळ्यांत पाणी आलंय, पण गडी श्रीमंतीचा रुबाब सोडायला तयार नाही. हसू येतं ते त्या रुबाबाचं. (सराफांनी स्टेट बँकेत नोकरी केली होती. दुसऱ्याच्या पैशाचा तोरा जवळून कसा दिसतो, हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नसणार.)

लक्ष्याचंही तेच. बापाच्या पैशावर चित्रपट काढायला निघालेला मुलगा तमिळमध्ये नागेशने आणि हिंदीत मेहमूदने आधीच गाजवून ठेवलेला. इथे लक्ष्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे 'टूरटूर' हे नाटक करून आलेले. हातातलं वाक्य संपायच्या आत पुढच्या वाक्यावर उडी मारायची त्यांची घाई पाहताना मेहमूद आठवायला सवडच मिळत नाही.

यातून पुढच्या निर्मात्यांनी धडा घेतला: नट चांगले असले की कथेचे पैसे वाचतात. अहो, 'धूमधडाका'ची कथा फुसकी असेल, पण ती नटाला एक काम तरी देत होती. हे खोटं सांभाळ, म्हणत होती. परवा एक नवा विनोदी चित्रपट पाहिला. नाव सांगत नाही, जाहिरातीवर बराच खर्च झालेला दिसतो. चार नट, चौघेही नाटकात मुरलेले. त्यांना दिलंय काय? लंडनचा बंगला, एक हरवलेली बॅग आणि एकमेकांच्या अंगावर ओरडणं. हे सगळं लंडनमध्येच का घडतं, याचं उत्तर कथेत नाही, तिथल्या चित्रीकरणाच्या सवलतीत असावं. त्यातला एक जण खोल सोफ्यात बसताना असा काही अवघडला, की बसणंही होईना आणि उठणंही. थिएटरात पहिल्यांदा हशा उठला. तेवढ्यात कॅमेरा झुंबर दाखवायला निघून गेला.

तिकीट काढलंच असेल तर जाऊन या, चौघंही गुणी आहेत. फक्त सोबत अर्धा किलो गवार असू द्या. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, पण न निवडलेली भाजी कुणी अडवल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.