दहावा माणूस

बी.कॉम. झालो आणि मिरजेतल्या एका औषधांच्या दुकानात चिकटलो. पगार किती, ते ठरलंच नाही. मालक म्हणाले, "पगाराचं काय घेऊन बसलास? घरच्यासारखा राहा. मला काका म्हण." मी तिथल्या तिथं म्हणालो, आणि फसलो. मालकाकडं पगार मागता येतो, काकांकडं कसा मागणार?

1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी इथं दवाखाना काढला, तेव्हापासून मिरजेत पेशंटांची रीघ आहे. अथणी-चिकोडीकडची माणसं उजाडायच्या आत काउंटरवर हजर. त्यांच्यासाठी मी "ऊटा आदमेले", म्हणजे जेवणानंतर, एवढं कानडी पाठ केलं होतं. काकांचंही धोरण तेच होतं. पगाराचा विषय निघाला की "आधी जेवून घे जा," म्हणायचे. जेवण होईपर्यंत माझा धीर खचायचा.

महिन्याअखेरीस एका औषध कंपनीचं नाव छापलेलं पाकीट हातात पडायचं. आत सहा हजार, आणि पाठीवर पेन्सिलीनं हिशेब : 'सिरप बाटली फुटली, वजा 110. चहा, वजा 90.' बाटली काकांच्या पुतण्यानं फोडली होती. पण तो खरंच घरचा, मी नुसता घरच्यासारखा.

2024मध्ये सरकारनं युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. पदवीधर प्रशिक्षणार्थ्याला महिना दहा हजार. माझ्याच वर्गातला, काठावर पास झालेला मित्र एका कचेरीत शिकाऊ म्हणून लागला. शिकाऊला दहा आणि कामात मुरलेल्या मला सहा! आईनं तर विचारलंच, "तुला परत शिकाऊ होता येत नाही का रे?"

मग मी कायदे वाचायला घेतले. अर्धवट कायदा वाचलेला माणूस फार भयंकर. मी आरशासमोर भाषण बसवलं. सुरुवात नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून. त्यांच्या लढ्यामुळं 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तिथून थेट आपल्या तासगाव तालुक्यात, जिथं विसापूरला वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग केला. शेवटी दुप्पट ओव्हरटाइम. भाषण झकास झालं होतं. दुसऱ्या दिवशी काकांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, ते लोखंडे..." काका म्हणाले, "लोखंडेंचं बिल राहिलंय व्हय? वसूल करून ये."

हात टेकले आणि सांगलीला एका वकीलसाहेबांकडं गेलो. त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "दुकानात माणसं किती?"

"नऊ."

"मालक हुशार आहे." दुकानांच्या 2017च्या कायद्यातले कामाचे तास, सुट्ट्या, ओव्हरटाइम हे सगळं तेव्हाच्या नियमानं दहा किंवा जास्त कामगार असतील तिथंच लागू होतं, असं ते म्हणाले. दुकानात गडबड उडाली की "एक माणूस वाढवा की," असं आम्ही म्हणायचो आणि काका नुसते हसायचे, त्याचा उलगडा तेव्हा झाला. "किमान वेतन मात्र एकच नोकर असला तरी द्यावं लागतं," वकीलसाहेब पुढं म्हणाले. "नेमणुकीचं पत्र आहे? हजेरी?"

मी पाकीट पुढं केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "यावर तुमचं नाव कुठंय? हे तर कंपनीचं नाव."

तेवढ्यात माझा फोन वाजला. घाईत स्पीकर सुरू झाला. "लेका, कुठं उलथलास? दहा वाजले! आजचा खाडा धरतो बघ!"

"हाच पुरावा," मी आनंदानं ओरडलो.

"लेखी हवा," वकीलसाहेब म्हणाले आणि आत गेले.

कोपऱ्यात फायली बांधत बसलेला त्यांचा ज्युनियर मला जिन्यापर्यंत सोडायला आला. बार कौन्सिलनं 2024मध्ये ज्युनियर वकिलांना शहरात महिना वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केल्याचं त्यानं हळूच सांगितलं. "साहेबांनी वाचलंय ते. म्हणाले, शिफारस आहे, सक्ती नाही. मला मुलासारखं मानतात हो."

जिना उतरताना त्यानं पुन्हा हाक मारली. "तुमच्या दुकानात एखादी जागा आहे का?"

"काम रग्गड आहे," मी म्हणालो, "पण दहावा माणूस घेत नाहीत."