सत्तर एमएम

पिक्चर पाहणारी माणसं कुठेही असतात. पिक्चर सांगणारी माणसं मात्र थिएटर लांब असलेल्या मुलखातच पिकतात. त्या दृष्टीने झरी जामणी तालुक्याची जमीन फार कसदार. इकडे कापूस, तूर, सोयाबीन. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. आणि मोठ्या पडद्यावर काही पाहायचं तर वणी गाठा, पांढरकवडा गाठा, नाहीतर सरळ आदिलाबाद. तालुक्याच्या नावातच झरी आणि जामणी अशी दोन गावं एकत्र नांदतात. "आपल्या तालुक्याचा डबल रोल हाय," असं सत्तरभाऊ इथे बदलून आलेल्या प्रत्येक माणसाला सांगतात. मलाही सांगितलं. मी हसलो आणि फसलो. माझी एसटी येईपर्यंत 'मुघल-ए-आझम'मधली लढाई चालली.

"दोन हजार उंट, सर. चारशे घोडे. आठ हजार शिपाई. आन् हे आतासारखं कम्प्युटरवर काढेल नाही, हां! एकेक घोडा दाणा खाणारा."

मला वाटलं, गडी ठोकून देतोय. नंतर पाहिलं तर के. आसिफच्या त्या लढाईबद्दल नेमके हेच आकडे सांगितले जातात. सत्तरभाऊंच्या तोंडून निघूनही न फुगलेले आकडे मोजकेच. एक हा, कारण फुगवायला आसिफसाहेबांनी जागाच ठेवली नव्हती. दुसरा ॲटनबरोच्या 'गांधी'तला. 31 जानेवारी 1981ला दिल्लीत अंत्ययात्रेचं दृश्य घेतलं तेव्हा तीन लाखांच्या आसपास माणसं जमली होती. हा आकडा सांगून सत्तरभाऊ जरा थांबतात आणि विचारतात, "एवढ्या लोकाइले चहा कोणं पाजला असन?"

त्यांचं खरं नाव रेशन कार्डावर आहे. बाकी सगळीकडे ते सत्तरभाऊ. सत्तर म्हणजे सत्तर एमएम. हे नाव 'शोले'च्या काळात पडलं आणि त्यांनी ते हौसेने वागवलं. आता वयानेही सत्तरी गाठल्यामुळे नव्या पोरांना नावाचा वेगळाच अर्थ लागतो, पण ती गोष्ट वेगळी. गंमत अशी की सत्तरभाऊंनी जन्मात सत्तर एमएमचा पडदा पाहिलेला नाही. त्यांनी पाहिला तो 'शोले' पस्तीस एमएमचा, गावोगाव फिरून आलेल्या प्रतीचा, पडद्यावर कायम पाऊस पडत असलेला. हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं. वर ज्ञानही पाजळलं, की रमेश सिप्पींनीसुद्धा ते चित्रीकरण पस्तीस एमएमवरच केलं होतं आणि मागाहून सत्तर एमएमला फुगवलं. वाटलं, माणूस हिरमुसेल. उलट चेहरा उजळला.

"मंग मी दुसरं का करतो, सर?"

बसण्याची जागा थांब्यासमोरचा पानठेला. ठेलेवाल्याने पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेतला आणि फळीवर खर्रा घोटायला सुरुवात केली की सत्तरभाऊंची श्रेयनामावली सुरू. निर्माता, दिग्दर्शक, फाइट मास्टर, खर्च किती, किती वर्षं लागली, रिळं कशी आली. 'मुघल-ए-आझम'ची रिळं 5 ऑगस्ट 1960ला मुंबईच्या मराठा मंदिरात सजवलेल्या हत्तीवरून नेली, हे सांगताना ते स्वतः किंचित डुलतात. एक खर्रा घोटून होईतो गोष्टीतलं पहिलं माणूससुद्धा पडद्यावर येत नाही. इंटरवल ठरलेला, त्यातला चहाही ठरलेला, आणि तो ऐकणाऱ्याने पाजायचा हेही ठरलेलं. राज कपूरबद्दल त्यांना अपार आदर आहे, त्याचं कारण मला वाटतं हेच. 'संगम'ला दोन इंटरवल होते, 'मेरा नाम जोकर'लाही दोन.

पिक्चरपुरतं हे चाललं असतं तर कुणाचीच तक्रार नव्हती. पण सत्तरभाऊंना लहान असं काही सांगताच येत नाही. पेरणीच्या तोंडावर ते बियाणं आणायला वणीला गेले होते. परत आल्यावर ओट्यावर त्याचं कथन सुरू झालं. आधी पहाट. मग पहाटेत मोकळा रस्ता, रस्त्यावर एकटा माणूस, खांद्यावर दुपट्टा. मग दुकानासमोरची गर्दी: "पुढं माणसं, मांगं माणसं, आभाळाले टेकल्यावानी माणसं!" काउंटरवर मिशीवाला मुनीम. दोघांची नजरानजर. मुनीम हसतो, कसा हसतो तेही करून दाखवून झालं. आम्ही पायरीवर सरसावून बसलो, आणि एवढ्यात आतून काकूंचा आवाज आला:

"बियाणं भेटलं नाही. छत्री इसरून आले."

काकू म्हणजे घरचं सेन्सॉर बोर्ड. त्यांच्या कात्रीतून सुटलेलं सत्तरभाऊंचं एकही रीळ नाही.

या माणसाची खरी मेख मला बऱ्याच उशिरा उमगली. कुठलंही मोठं पिक्चर त्यांनी शेवटपर्यंत पाहिलेलं नाही. गणित सोपं आहे. सहाच्या खेळाला बसलं तर रात्री परत यायला वाहन नाही. म्हणून तीनचा खेळ. तीनला सुरू झालेलं अडीच तासांचं पिक्चर पाहून शेवटची एसटी आरामात मिळते. पण 'मुघल-ए-आझम' सव्वातीन तासांच्या वर, 'शोले'ही तेवढाच, आणि पडद्यावर सगळं टिपेला पोचलेलं असताना सत्तरभाऊंना अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर पडावं लागायचं. दुसरा एखादा लहान पिक्चरांकडे वळला असता. यांनी त्याचा सिद्धांत केला: "ज्याचा शेवट एसटीच्या आत होते, ते का पिक्चर हाय?"

म्हणजे शेवट त्यांचे त्यांनाच रचावे लागले. 'शोले' त्यांनी सोडला तेव्हा जय पुलापाशी एकटा गोळ्या झाडत होता. तो मेला ही बातमी त्यांना बाजाराच्या दिवशी कळली, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत असं काकू सांगतात. पुढचं मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही. त्यांच्या 'शोले'त ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून ठार करतो. पूर्ण पाहून आलेले लोक सांगायचे, नाही हो भाऊ, पोलीस येतात आणि ठाकूरला अडवतात. सत्तरभाऊ ऐकून घेत नसत. "ज्याचे हात तोडले, त्याचे पाय कशाले ठेवले मंग लेखकानं? आन् पोलीस? पिक्चरमधी पोलीस येते, पण सर्व झाल्यावर येते. हे आधी कसे आले?" यावर सलीम-जावेदही काय बोलले असते कोण जाणे.

2001चा 'लगान' तर पावणेचार तासांचा. सामना ऐन रंगात असताना सत्तरभाऊ उठले. शेवटी पाऊस पडतो एवढं एसटीत कुणाकडून तरी कानावर आलं, आणि तेवढ्यावर त्यांनी निकाल लावून टाकला: पावसानं मॅच रद्द, लगान माफ. मी समजावलं, की असं नाही. शेवटच्या चेंडूवर भुवन टोलवतो, कॅप्टन रसेल झेल घेतो, पण त्याचा पाय सीमारेषेबाहेर असतो, षटकार ठरतो, गाव जिंकतं, आणि मग पाऊस. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"सर, पाऊस आल्यावर थो षटकार कोणाले पाहिजे?"

कोरडवाहू कापसाच्या तालुक्यात या प्रश्नाला उत्तर नसतं.

त्यांचा सुवर्णकाळ आला तो 'बाहुबली'मुळे. 10 जुलै 2015ला पहिला भाग लागला आणि कटप्पाने बाहुबलीला मारलं एवढं सांगून संपला. का मारलं, ते 28 एप्रिल 2017पर्यंत गुलदस्त्यात. साऱ्या देशाला शेवट न पाहता घरी जावं लागण्याची ही पहिलीच वेळ. सत्तरभाऊंचा त्यात चार दशकांचा अनुभव. तेलुगू त्यांना निम्मी कळते आणि उरलेली निम्मी ते स्वतः तयार करतात, त्यामुळे पिक्चर आदिलाबादला पाहिलेलं. दोन वर्षं पानठेल्यावर मुक्कामी सल्लागार म्हणून त्यांचा मान राहिला. कटप्पाने का मारलं याचं त्यांचं उत्तर पहिल्या दिवसापासून एकच: "धुऱ्याची भानगड हाय." म्हणजे शेताच्या बांधाची. लोक हसले. पुढे दुसरा भाग आला. दोन भावांत गादी कुणाची यावरून वाद, त्यात राजमातेचा हुकूम, आणि हुकमाचा ताबेदार कटप्पा. सत्तरभाऊंनी फक्त पानठेल्याभोवती एक चक्कर मारली. "गादी म्हणजे का असते बे? मोठा धुराच ना?"

परदेशी पिक्चरांची त्यांना ओळख नाही, पण भूक आहे. एकदा मी त्यांना डेव्हिड लीनच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मधला ओमर शरीफचा प्रवेश सांगितला. वाळवंट. विहिरीवर दोघं. क्षितिजावर उन्हाच्या झळांत काहीतरी काळं थरथरतंय. ठिपका आहे की माणूस कळत नाही. संगीत नाही, बोलणं नाही. दिग्दर्शक घाई करत नाही, ठिपक्याचा उंट होतो, उंटावर स्वार होतो, आणि आपण तोवर श्वास रोखून. मला वाटलं, आज आपण यांना जिंकलं. ते म्हणाले, "हे आमी रोज पायतो." आणि समोरच्या सरळ रस्त्याकडे बोट दाखवलं. मे महिना होता. लांब डांबरावर पाणी चकाकत होतं, त्या पाण्यात एक लाल ठिपका लोंबकळत होता. पुढे येतोय की मागे जातोय समजत नव्हतं. थांब्यावरची पंधरा-वीस माणसं उभी राहून त्याकडे पाहत होती, कुणी बोलत नव्हतं. बऱ्याच वेळाने ठिपक्याला काच फुटली, मग टप, मग पाटी.

"वणी," सत्तरभाऊ म्हणाले. "उंट नाही, एवढाच फरक."

एक पिक्चर मात्र त्यांनी पुरतं पाहिलं आहे. मेहबूब खान यांचं 1957चं 'मदर इंडिया'. जत्रेत, टुरिंग टॉकीजच्या तंबूत, जमिनीवर बसून. रात्रीचा खेळ, आणि घरी जायला बैलगाडी. हे पिक्चर ते जराही फुगवत नाहीत. सुखीलालाचे पाचशे रुपये पाचशेच राहतात, व्याजापोटी पिकातले चारपैकी तीन हिस्से जातात तेही तेवढेच. ऐकणाऱ्यांना हिशेब समजावून द्यावा लागत नाही. बिरजू वह्यांना काडी लावतो तिथे ठेलेवाल्याचा घोटणारा हात थांबतो. मग बिरजू सुखीलालाच्या पोरीला घोड्यावर टाकून निघतो, राधा बंदूक उचलते, आणि सत्तरभाऊ उठून धोतर झटकतात. "चला, एसटी आली." एसटी आलेली नसते. मी एकदा छेडलं, की भाऊ, हा शेवट तर तुम्ही पाहिलेला आहे. म्हणाले, "थो सर्वाइले माहीत हाय," आणि विषय 'बाहुबली'वर नेला.

आणि मग 2025 उजाडलं. यवतमाळला शिकणारा नातू सुट्टीत आला आणि पानठेल्यावर मोबाइल उंच धरून त्याने बातमी वाचली: इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात 'शोले' पुन्हा दुरुस्त करून दाखवला, आणि तोही मूळ शेवटासह. मूळ शेवटात पोलीस अडवत नाहीत. ठाकूर गब्बरला पायांनीच मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो बदलायला लावला होता.

ठेल्यावर कुणी काही बोलेना. ज्यांनी ज्यांनी पोलिसांची बाजू घेतली होती, त्यांतल्या हयात मंडळींनी माना खाली घातल्या. सत्तरभाऊंनी आवाज चढवला नाही, हे विशेष. एवढंच म्हणाले, "इटलीवाल्याइले पन्नास वर्सं लागले." त्या दिवशीचा चहा ठेलेवाल्याने पाजला. काकूंनीसुद्धा त्या रात्री कात्री चालवली नाही म्हणे. सगळी हकिगत इंटरवलसह ऐकून घेतली.

तेव्हापासून माणूस हाताबाहेर गेला आहे. परवा नातवाने चुकून 'मुघल-ए-आझम'चा शेवट मोबाइलवर लावला. सत्तरभाऊंच्या आवृत्तीत अनारकली भिंतीला लाथ मारून बाहेर येते, कारण काम ठेक्याने दिलेलं, ठेकेदाराने सिमेंट कमी टाकलेलं. पडद्यावर दिसलं ते वेगळंच: अकबर तिच्या आईला दिलेलं वचन पाळतो आणि दोघींना गुप्तपणे भुयारातून सोडून देतो. सत्तरभाऊंनी चष्मा वर केला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला, परत दिला.

"भुयार?" ते म्हणाले. "ठेकेदाराले वाचवलं सेन्सॉरनं. काढतीन, इटलीवाले हेबी काढतीन. पोरा, त्याइचा नंबर भेटते का पाय."