सहा मुलींचा बाप

घरात जो बाप सगळ्यात मोठ्यानं ओरडतो त्याचंच कुणी ऐकत नाही, हा नियम इंग्लंडच्या उमरावांनाही चुकलेला नाही. डेव्हिड मिटफर्ड, अर्थात दुसरे बॅरन रीड्सडेल, हे या जातीच्या बापांचे शिरोमणी. 1904 ते 1920 या काळात त्यांना सात मुलं झाली. नॅन्सी, पामेला, डायना, युनिटी, जेसिका, डेबोरा या सहा मुली आणि मध्ये तिसऱ्या नंबरावर एकुलता एक टॉम. मुलं त्यांना ‘फार्व्ह’ म्हणत आणि त्यांच्या ओरडण्याकडे पावसाळ्यातल्या गडगडाटाकडे पाहावं तसं पाहत. म्हणजे आधी दचकायचं, मग मोजायचं, मग आपल्या कामाला लागायचं.

माणूस दिसायला देखणा, उंचापुरा. तरुणपणी सिलोनात चहाचे मळे केले, ते जमलं नाही. बोअर युद्धात जबर जखमी झाले आणि एक फुप्फुस गमावून परतले. उरलेल्या एका फुप्फुसात किती आवाज मावतो याचा अनुभव पुढं कुटुंबानं घेतला. लग्नानंतर सासऱ्यांनी त्यांना आपल्या ‘द लेडी’ या बायकांच्या साप्ताहिकाच्या कचेरीत चिकटवून दिलं. आता, आयुष्यात एकच पुस्तक वाचलं अशी ज्यांची ख्याती (जॅक लंडनचं ‘व्हाइट फँग’, ते इतकं आवडलं म्हणे की दुसरं वाचायची गरजच पडली नाही), त्या गृहस्थांनी साप्ताहिकाच्या कचेरीत करायचं काय? तर तिथं उंदीर फार झाले होते. साहेबांनी घरून मुंगूस आणलं आणि कचेरीभर उंदरांची शिकार मांडली. संपादकीय विभागात त्यांची आठवण राहावी असं एवढंच काम.

बायकोनं एकदा त्यांना वाचनाची गोडी लावायचा प्रयत्न केला. हार्डीची ‘टेस’ मोठ्यानं वाचून दाखवायला घेतली. त्या पोरीचे हाल ऐकून लॉर्डसाहेब ढसाढसा रडायला लागले. बाईंनी समजूत घातली, अहो, ही तर नुसती गोष्ट आहे. डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. म्हणजे या लेखकानं हे सगळं मनानं रचलं? त्यावर जो काही आरडाओरडा झाला, त्यानंतर बाई वाचनाच्या भानगडीत पडल्या नाहीत.

त्यांना राग कशाचा यायचा, याची यादी घरात सगळ्यांना पाठ होती. टेबलावर सांडलेलं अन्न. उशिरा आलेला माणूस. परदेशी माणूस, तो वेळेवर आला तरी. वरच्या खिशातून कंगवा डोकावणारा तरुण. नॅन्सीचे ऑक्सफर्डचे नाजूक मित्र शनिवार-रविवारी मुक्कामाला येत तेव्हा तर वादळाला अंतच नसे. त्यांतला एक मात्र मर्जीत होता, कारण तो न्याहारीला वेळेवर खाली यायचा. त्याबद्दल साहेब त्याला प्रेमानं डुकराचा भेजा वाढत. आदल्या रात्रीचं जागरण पोटात घेऊन आलेल्या त्या पोराला ही मर्जी किती महागात पडत असेल! गावच्या चर्चमध्ये पाद्री नेमायचा हक्कही साहेबांकडे होता. उमेदवाराला ताकीद असे की धूप-उदबत्त्या आणि आडवळणाच्या चाली आपल्याला चालणार नाहीत, आणि प्रवचन दहा मिनिटांत संपायला हवं. रविवारी साहेब पुढच्या बाकावर घड्याळ घेऊन बसत.

मुलींना शाळा जवळजवळ नव्हतीच. टॉम ईटनला गेला, मुली बहुतांशी घरीच राहिल्या. शिकवायला गव्हर्नेस येत आणि बहुतेक जणी लवकरच जात. त्यांचा पगार आईच्या, म्हणजे लेडी रीड्सडेलच्या, कोंबड्यांमधून निघायचा. बाई हिशेबाच्या पक्क्या, अंडी लंडनच्या क्लबांना विकत. बाईंचे आपले वेगळेच कायदे होते. शरीर आपलं आपण बरं होतं, डॉक्टरची ढवळाढवळ नको. लस तर मुळीच नको. डुक्कर, ससा, शिंपले मुलांना वर्ज्य. साहेबांना मात्र सगळं चाले, त्यामुळे एकाच टेबलावर बापाच्या ताटात सॉसेज आणि मुलांच्या डोळ्यांत पाणी.

घरं उतरत्या क्रमानं बदलत गेली. आधी बॅट्सफर्डचा महाल, तो 1919 मध्ये विकला. मग अ‍ॅस्टॉलची जुनी हवेली. मग साहेबांनी स्वतः उभं राहून बांधलेलं स्विनब्रुकचं घर, आणि ते 1936 मध्ये विकल्यावर हाय विकमजवळची कॉटेज. पैशाचा विषय निघाला की साहेब कॅनडात सोनं शोधायला जात. तिथं त्यांचा खाणीचा दावा होता, बायकोलाही बरोबर नेऊन झालं होतं. सोनं कधी निघालं नाही. युनिटीचा गर्भ मात्र तिथं राहिला असं घरचे सांगत, आणि त्या गावाचं नाव, खरोखरच, स्वस्तिका. पुढं ही मुलगी काय करणार आहे हे ठाऊक असलेल्या एखाद्या खट्याळ देवानंच हे ठरवलं असणार.

स्विनब्रुकचा साहेबांना केवढा अभिमान, आणि मुलींना ते घर सोसवेना. गारठा असा की ऊब धरायला एकच जागा, चादरी-टॉवेल ठेवायचं कपाट, कारण त्यातून गरम पाण्याचे नळ जायचे. धाकट्या मुली त्यातच बसून असत. तिथं त्यांची सभा भरे, त्यांच्या खासगी भाषा चालत. युनिटी आणि जेसिका ‘बूडलडिज’ नावाची भाषा बोलत, ती बाहेरच्याला कळायची सोय नव्हती.

शिकवणीपेक्षा बापाचा एक उपक्रम पोरांना जास्त आवडे. मुलांना रानात पुढं पळायला लावायचं आणि थोड्या वेळानं मागावर ब्लडहाउंड सोडायचा. कुत्रा वास घेत यायचा, मुलांना गाठायचा, आणि त्याला बक्षीस म्हणून मांसाचा तुकडा मिळायचा. गावकरी हबकून पाहत. मुलींच्या मते बापाच्या सहवासातला हा सर्वात सुखाचा वेळ, आणि मला ते खरंच वाटतं. ओरडून झाल्यावर हाच माणूस पोरींना पोट दुखेपर्यंत हसवायचा.

आता एवढा पहारा असताना पोरी गेल्या कुठं? सगळीकडे. नॅन्सीनं केस कापले तेव्हाच घरावर आभाळ कोसळलं होतं. मग तिनं भांडभांडून लंडनला खोली घेतली आणि महिनाभरात परत आली, कारण तिथं फरशीवर पडलेले कपडे कुणी उचलेना. युनिटी तर उमराव मुलींच्या नाचगाण्यांच्या हंगामात खांद्यावर पाळीव उंदीर घेऊन जायची, कधी गवत्या साप. तिच्या आणि जेसिकाच्या सामाइक खोलीच्या दोन बाजू होत्या, एकीकडे हिटलर, दुसरीकडे लेनिन. खिडकीच्या काचेवर एकीनं हिऱ्याच्या अंगठीनं स्वस्तिक कोरलं, दुसरीनं कोयता-हातोडा. बापाचं लक्ष तेव्हा बहुधा कुणाच्या तरी कंगव्याकडे असावं.

जेसिकानं तर लहानपणीच ड्रमंड्स बँकेत ‘पळून जाण्याचं खातं’ उघडलं होतं. बँकेनं अदबीनं पासबुक पाठवलं. 1937 साली, एकोणिसाव्या वर्षी, ती चर्चिलच्या बायकोचा भाचा एस्मंड रोमिली याच्याबरोबर युद्धानं पेटलेल्या स्पेनमध्ये पळाली. परराष्ट्रमंत्री ईडननी तिला परत आणायला युद्धनौका धाडली. अशी वरात इंग्लंडात दुसऱ्या कुठल्या मुलीच्या नशिबी आली नसेल. तरी तिनं फ्रान्समध्ये जाऊन लग्न लावलंच.

डायनानं गिनेस घराण्यातला श्रीमंत नवरा सोडला आणि फॅसिस्ट पुढारी मोस्लीशी 1936 मध्ये लग्न केलं, बर्लिनला, गोबेल्सच्या घरी. पाहुण्यांत हिटलर. युनिटी म्युनिकच्या एका खाणावळीत रोज जाऊन बसे, तो जेवायला येतो म्हणून. फेब्रुवारी 1935 मध्ये त्यानं तिला टेबलावर बोलावलं. आणि ज्या बापाला परदेशी माणसाचा वास सहन होत नसे, ते साहेब स्वतः जर्मनीला जाऊन या परदेशी गृहस्थाच्या सौजन्यानं भारावून परतले. 1938 मध्ये ऑस्ट्रिया गिळला गेला तेव्हा लॉर्ड्सच्या सभागृहात त्यांनी जर्मनीची बाजू घेतली. एरवी ते तिथं फारसे बोलत नसत. स्त्रियांना सभागृहात घ्यायला त्यांचा विरोध होता, आणि घरात थट्टा अशी की त्यांना सगळी काळजी तिथल्या एकुलत्या शौचालयाची. ऑस्ट्रियाच्या भाषणावर मात्र थट्टा सुचू नये.

युद्ध जाहीर झालं त्या दिवशी युनिटीनं म्युनिकच्या बागेत स्वतःच्या डोक्यात गोळी झाडली. ती वाचली, गोळी आतच राहिली, 1948 मध्ये त्यापायीच गेली. साहेबांनी आपण चुकलो असं जाहीरपणे सांगितलं. बाईंना ते पटलं नाही. उभा जन्म कंगव्यांवर भांडणारं ते जोडपं शेवटी हिटलरवरून वेगळं राहू लागलं. 1945 मध्ये टॉम ब्रह्मदेशात मारला गेला.

साहेब 1958 मध्ये वारले. जेसिकाला त्यांनी 1937 नंतर परत कधी पाहिलं नाही आणि मृत्युपत्रातूनही तिला वगळलं. दोन वर्षांनी, तिकडं अमेरिकेत, तिनं आठवणींचं पुस्तक छापलं आणि त्यात बापाला पानोपानी गरजू दिलं. फार वाढवून सांगितलंय, अशी काही बहिणींची तक्रार होती. पुस्तक खपलं. नॅन्सीनं तर 1945 मध्येच कादंबरीत त्यांचा अंकल मॅथ्यू करून पैसे वसूल केले होते. जमीन गेली, सोनं निघालं नाही, पण साहेबांचा ओरडा दोन्ही मुलींनी रोख वटवला.